साक्षीचा फोटो

लपवलेला कॅमेरा ओळखायची पहिली खूण म्हणजे वजन. पुस्तक उचललं आणि ते पुस्तकापेक्षा जड लागलं, काठीची मूठ हाताला जरा जास्तच भारी वाटली, की समजावं, आत कुणीतरी डोळा बसवलाय. दुसरी खूण स्क्रूची. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर तो कॅमेरा आधी कुणीतरी उघडलाय, आणि असा उघडणारा बहुतेक वेळा गाढव असतो. तिसरी खूण चकाकी. जुनं पितळ नव्या नळासारखं चमकत असलं, तर मालकाने पॉलिश मारून निम्मी किंमत स्वतःच्या हाताने पुसून टाकलेली असते. मी ते मालकाला तोंडावर सांगते. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असू दे, नाक माझं आहे.

जुन्या वस्तूंची किंमत ठरवून द्यायची, हा माझा धंदा. विमा काढायचा असो, वाटणी असो की लिलाव, माझ्या सहीचा कागद लागतो. माझा खरा हात बसलाय तो या लपवलेल्या कॅमेऱ्यांवर. एके काळी हौशी लोकांनी खिशातल्या घड्याळात, टोपीत, काठीत, जाकिटाच्या बटणामागे कॅमेरे बसवून घेतले. त्यातले खरे फार थोडे उरलेत आणि खोटे पैशाला पासरी.

हे वेड मला लावलं भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने. मी हा धंदा शिकले ती त्यांच्या कपाटाच्या काचेला नाक लावून. माणूस गाईसारखा गरीब. आवाज कधी चढला नाही, ताटातलं कधी नावाजलं नाही आणि कधी नाकारलंही नाही. चालायचेसुद्धा असे की पाऊल वाजू नये. घरात मांजर आहे की नवरा, मला कळतच नाही, अशी ताईच त्यांची चेष्टा करायची, आणि तेही गालात हसायचे.

ते गेले तेव्हा मी खरंच रडले होते. ते अश्रू मला आता परत हवेत.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी ताईचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी जीव होता.

"अगं, मंडळवाले आले होते ह्यांचे. सगळे कॅमेरे ते ठेवून घेणार आहेत. एक अख्खी खोली देतायत, ह्यांच्या नावाची! दारावर पाटी लावणार. फक्त विम्यासाठी किंमत करून हवी म्हणाले. मी म्हटलं, ते काय, घरचीच आहे माझी."

"फुकट करून घेणार म्हण की."

"तू पैसे घेशील माझ्याकडून?"

"तुझ्याकडून नाही. मंडळाकडून घेईन."

ती हसली. मग म्हणाली, "त्यांचं नाव राहील गं. आम्हाला ना मूल ना बाळ. निदान पाटी तरी."

मंडळ म्हणजे भाऊजींसारख्या वेड्यांचा कंपू. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची जागा आहे, दर रविवारी तिथे जमतात. बायकांना प्रवेश नाही असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आजवर एकही बाई तिथे जाऊ शकलेली नाही. मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा भाऊजी म्हणाले, तुला कंटाळा येईल.

मी ताईकडे गेले. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, दिवा खाली ओढला आणि एकेक कॅमेरा घ्यायला लागले. प्रत्येकाला मखमलीची पिशवी होती. शिवणारी ताई. मऊ ब्रशने कडा झाडणारी ताई. कपाटात ओल धरू नये म्हणून सुकवणीच्या पुड्या बदलणारीही ताईच. एवढं करून एकाही कॅमेऱ्याची कळ तिने कधी दाबली नव्हती. भाऊजींना चालायचं नाही.

संग्रह अव्वल होता, यात वाद नाही. जाकिटाच्या आत घालायचा चपटा गोल कॅमेरा, त्याचं भिंग बटणाच्या भोकातून डोकावायचं. काठीच्या मुठीतला. घड्याळातला. आणि पुस्तकाचा, हिरव्या कातडी बांधणीचा. बगलेत धरला की भिंग पुस्तकाच्या कण्यातून समोर बघायचं. स्क्रू शाबूत, पितळ काळवंडलेलं, झाकणावरचा आणि पोटातला आकडा एकच. असं हाताला लागलं की मला भूक लागल्यासारखं होतं.

पण एक गोष्ट खटकली. सगळ्यांना तेल ताजं होतं. बटणाच्या कॅमेऱ्याच्या फटीत काळ्या फिल्मची एक बारीक कातरण अडकलेली होती. तसली गोल फिल्म आता बाजारात मिळत नाही. मोठ्या फिल्ममधून हाताने कापावी लागते, तीही काळोखात.

"भाऊजी हे वापरायचे का गं?"

"वापरतील कशाला? नुसता जीव लावायचे." ताई पिशवीची नाडी ओवत होती. "फोटो काढायची हौसच नव्हती त्यांना. लग्नातले सोड, माझा एक धड फोटो नाही या घरात. म्हणायचे, कॅमेरा दिसला की तुझं तोंड आखडतं."

"आखडतंच. तुझ्या लग्नातल्या फोटोत तू दात दुखत असल्यासारखी दिसतेस."

"दुखतच होता दात!"

आम्ही हसलो. आणि मी कागदावर लिहिलं, चालू स्थितीत. चालू कॅमेऱ्याला बंद कॅमेऱ्यापेक्षा भाव जास्त. भाऊजींच्या संग्रहाचा आकडा वाढेल म्हणून मला बरंच वाटलं.

पुढच्या रविवारी मंडळाने ताईला खोली बघायला बोलावलं. मलाही आग्रहाने. ताईने चांगले कपडे काढले, केस नीट केले, आणि पहिली भेट म्हणून पुस्तकाचा कॅमेरा पिशवीत घालून बरोबर घेतला. जिना चढताना तिने माझा हात धरला होता. तिला वाटत होतं ती एखाद्या समारंभाला चाललीये.

वर सातआठ पुरुष. सगळे उठून उभे राहिले. अध्यक्ष पूर्वी दातांचे डॉक्टर होते. अजूनही समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या आधी तोंडात बघतात. त्यांनी ताईला खुर्ची दिली. एक वयस्क घड्याळजी पुढे आला आणि म्हणाला, "वहिनी, गुडघा कसा आहे आता?"

ताई म्हणाली, बरा आहे. मग माझ्याकडे बघितलं. या माणसाला ती आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती.

"केस कापलेत वाटतं," दुसरा म्हणाला. "लांब बरे दिसायचे."

"हे सांगत असतील माझ्याबद्दल," ताई माझ्या कानाशी पुटपुटली, आणि लाजली. लाजली हो! त्या क्षणाचा मला अजून संताप येतो.

अध्यक्ष आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले. रिकामी काचेची कपाटं पुसून ठेवलेली. समोरच्या भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत पडदा.

"कॅमेरा खरा की नुसता शोभेचा, हे कसं ठरवायचं?" त्यांनी सुरुवात केली. भाषण पाठ केलेलं होतं. "आमच्या मंडळाची कसोटी एकच. त्या कॅमेऱ्याने माणसाचा फोटो काढून दाखवायचा, आणि त्या माणसाला पत्ता लागता कामा नये. त्या फोटोला आम्ही म्हणतो साक्ष. माणसाला कळलं, की साक्ष बाद. मग तो कॅमेरा कितीही दुर्मीळ असो, आमच्या लेखी खेळणं. आम्ही बाकीचे या साक्षी घेतो रस्त्यात, बागेत, बसथांब्यावर. अनोळखी माणूस सोपा असतो. पण घरातलं माणूस! तेही वर्षानुवर्षं, ताकास तूर लागू न देता! वहिनी, ते फक्त तुमच्या यजमानांना जमलं."

मी ताईला बाहेर ओढणार, तेवढ्यात त्यांनी पडदा सारला.

सगळी भिंत ताई होती.

गोल गोल फोटो, दाराच्या भोकातून बघावं तसे. ओट्यापाशी उभ्याने पातेल्यातलं खाणारी ताई. खुर्चीत झोपलेली, तोंड उघडं. आरशासमोर पांढरा केस उपटणारी. गुडघा धरून जिन्यात बसलेली. रिकाम्या खोलीत हातवारे करून भिंतीशी भांडणारी, कारण खऱ्या माणसाशी तिला कधी भांडता आलं नाही. एकात ती कपडे बदलत होती, पाठमोरी. मी जाऊन त्या फोटोपुढे उभी राहिले. दुसरं काय करावं मला सुचेना. माझी पाठ भिंतीला लागली होती आणि समोर हे सगळे सभ्य गृहस्थ हाताची घडी घालून, मान तिरकी करून उभे. त्यांनी तो फोटो किती वेळा बघितला असेल देव जाणे.

ताईने चष्मा लावला. पहिल्या फोटोपासून सुरुवात केली आणि एकेक बघत पुढे सरकायला लागली. खोलीत तिच्या चपलांचा तेवढा आवाज.

अध्यक्षांना वाटलं बाई भारावल्या. ते तिच्याबरोबर चालायला लागले.

"हा बघा. याला त्या वर्षीचं पदक मिळालं. तुम्ही आणलाय ना, त्याच पुस्तकाच्या कॅमेऱ्याची ही साक्ष. दारातून घेतलाय, बगलेतून. चेहऱ्यावरचा भाव बघा! असा भाव सांगून मिळत नाही."

फोटोत स्वयंपाकघर होतं. फोनचा रिसीव्हर वायरीला लोंबत होता. खाली जमिनीवर ताई, एक हात छातीवर, तोंड वासलेलं.

"आणि पुढची गंमत ऐका. फोटो घेतला आणि पठ्ठ्या आल्या पावली मागे फिरला. संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसून राहिला. घरात शिरला असता तर तुम्हाला कळलं असतं ना की तो घरी होता, आणि साक्ष बाद झाली असती. केवढा हा संयम!"

तो फोन माझा होता.

परगावच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यातून मी केला होता. ताई, आई गेली, एवढंच मी म्हणाले, आणि पलीकडे काहीतरी आपटलं. मग मला तिचा तो आवाज ऐकू आला, माणसाचा वाटत नव्हता. मी फोनमध्ये ओरडत होते, अरे, घरात कुणी आहे का? कुणीतरी तिच्याजवळ जा! कुणी फोन उचलला नाही. भाऊजी बाहेर असतील, असं मी धरून चालले. आणि भाऊजी दारात उभे होते. माझं ओरडणं त्यांनाही ऐकू गेलं असेल. त्यांनी कळ दाबली आणि पाऊल न वाजवता निघून गेले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला तेव्हा कळलं.

"आमची आई मेली होती!" मी ओरडले. "तो भाव आईच्या मरणाचा आहे! त्याला तुम्ही पदक दिलंत? गळ्यात घातलंत त्याच्या? पेढे वाटलेत?"

अध्यक्ष दचकले. पण दचकले ते माझ्या आवाजाला. "हे बघा, ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आणि तुम्ही तर जाणकार आहात. साक्षीसकट कॅमेरा काय भावाने जातो ते तुम्हाला सांगायला नको. कलेच्या दृष्टीने..."

"कला? बायकोचं रडणं चोरून रविवारी मित्रांत वाटायचं, ही कला? चोर तो चोर, वर शिरजोर! आणि तुम्ही," मी घड्याळजीकडे वळले, "गुडघा विचारता? गुडघा! लाज कशी नाही वाटली?"

तो बुटांकडे बघायला लागला.

"त्याच्या मनात वाईट काही नव्हतं," अध्यक्ष म्हणाले. "वहिनींवर जीव होता त्याचा. नाहीतर इतके फोटो कोण काढतं?"

मी ताईच्या हातातली पिशवी हिसकावली, तो हिरवा पुस्तकाचा कॅमेरा बाहेर काढला आणि डोक्यावर उचलला. आयुष्यभर असल्या वस्तूंना हातमोजे घालून शिवणारी मी, पण तेव्हा मला फक्त काच फुटल्याचा आवाज हवा होता.

ताईने माझं मनगट धरलं.

"फोडू नकोस. फोडलास तर हे त्याचे तुकडेही काचेत मांडतील."

मग तिने अध्यक्षांकडे बघितलं. आवाज अगदी रोजचा, दुकानात वजन तपासून घेताना असतो तसा.

"तुमचा नियम काय म्हणालात? माणसाला कळलं की?"

"की... साक्ष बाद."

"मला आज कळलं."

"हो, पण वहिनी, तो नियम... आता तो हयात नाही, तेव्हा..."

"मी हयात आहे."

अध्यक्षांनी पडद्याची कड हातात धरली.

"मग झाल्या ना सगळ्या बाद? तुमच्याच नियमाने."

तिने पहिली चौकट खिळ्यावरून उतरवली. मग दुसरी. वरच्या रांगेला तिचा हात पुरेना तेव्हा घड्याळजी मदतीला पुढे झाला.

"हात लावू नका," ताई म्हणाली. "पुष्कळ बघितलंत."

वरच्या रांगेतले मी उतरवले. एकाची काच निसटून माझ्या पायावर फुटली. या लोकांकडे घरोघरी प्रती असणार, एवढं मला कळत होतं. जाताना मी दारात उभी राहून सांगितलं की ज्याच्या घरी माझ्या बहिणीचा एकही फोटो असेल त्याने तो आणून द्यावा. नाहीतर या मंडळातल्या एकाही कॅमेऱ्याला माझी सही मिळणार नाही, ना विम्याला, ना विक्रीला. आणि दुसऱ्या कुणाकडे गेलात तर मी त्यालाही जाऊन सांगेन, तुमचा कॅमेरा कशासाठी चालू आहे ते. अध्यक्ष म्हणाले, ही धमकी झाली. मी म्हटलं, कळलं ना? मग झालं.

तिसऱ्या दिवसापासून पाकिटं यायला लागली. काहींत चिठ्ठी होती, माफी मागणारी. मी ताईला दाखवली नाही, फाडून टाकली. माफी मागायची तर माणसाने जिना चढून यावं.

फोटोंचं ताईने काय केलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता बघणारी ती एकटी, हे पुरे.

राहिले कॅमेरे. मी पुन्हा तिच्या टेबलाशी बसले. आमच्या धंद्यात वस्तूइतकंच नावाला मोल असतं. अमक्याच्या संग्रहातला, असं लेबलावर आलं की वस्तू वधारते, आणि त्या माणसाचं नाव पुढच्या प्रत्येक कागदावर चालत राहतं. मेल्यावर उरायची हीच एक वाट असते या लोकांना. भाऊजींना ते पक्कं ठाऊक होतं.

"एकगठ्ठा द्यायचे नाहीत," ताई म्हणाली. "एकेक कर. एक इकडे, एक तिकडे. जितके लांब जातील तितके बरे."

"भाव पडेल."

"पडू दे."

"आणि संग्रह कुणाचा, काय लिहू?"

"काही लिहू नकोस."

"रकाना असतो गं."

"मग लिही, माहीत नाही."

मी बटणाच्या कॅमेऱ्याच्या लेबलावर तसं लिहिलं. घड्याळाच्या, मग काठीच्या. माझी बडबड चालूच होती. मी भाऊजींना शिव्या देत होते, त्यांच्या बुटांना, त्यांच्या गालातल्या हसण्याला, आणि स्वतःलाही, मी त्यांच्यासाठी रडले म्हणून. ताई पिशव्यांच्या नाड्या सोडवत होती. मखमल तिने फरशी पुसायला बाजूला काढली होती. मी पुस्तकाचा कॅमेरा हातात घेतला तशी ती थांबली.

"त्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली," ती म्हणाली. "मीच दार उघडलं. दिवसभर कुणी नव्हतं, कुणाला सांगावं कळत नव्हतं. ह्यांना बघितलं आणि मी म्हटलं, अहो, आई गेली. त्यांनी बगलेतलं पुस्तक खाली ठेवलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मला विचारलं, कधी?"

मी लिहायची थांबले.

"कधी, असं विचारलं गं त्यांनी. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोन कसा आला, मी कशी पडले. ते मान हलवत होते." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फुटला. "आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की आई गेली त्या दिवशी हे होते, म्हणून मी वाचले."